सुक्राची जागा

राजाला पाठीवर वाहून आणणारा, डोंगरातल्या भुइयां जमातीचा नायक अंगणाच्या मधोमध खाली बसला आणि त्याची मांडी हेच सिंहासन झाले. त्रिविक्रम देव त्या मांडीवर टेकला. खालच्या माणसाचा घाम त्याच्या रेशमी वस्त्रातून आत झिरपत होता. ज्याचे गाव आपल्या नावाने जाळले गेले, त्याच्याच मांडीवर आपण बसलो आहोत, हे त्याला क्षणभरही विसरता येत नव्हते.

इंग्रज सरकारने त्याला कुसुमगडच्या गादीवर बसवून पाच महिने झाले होते. डोंगराने मात्र त्याला मानले नव्हते. भुइयांनी आपल्या हातांनी बसवल्याशिवाय इथे कोणी राजा होत नाही. या एका गोष्टीपायी किती गावे जळली, हे मोजणे शिपायांनी केव्हाच सोडून दिले होते. एका सकाळी त्याच्या दिवाणाचे डोके वेशीवरच्या बांबूला खोचलेले सापडले.

त्याला गादीवर बसवणारा इंग्रज अधिकारी कॉलबर्न साहेब उद्या फौजेसह कटकला परतणार होता. त्रिविक्रम इथेच राहणार होता. आज विधी पुरा झाला तर डोंगर त्याचा. नाही झाला तर पुढचा बांबू त्याचा.

डोंगराचा पुजारी, म्हातारा गुरुबा देहुरी, पुढे आला. त्याने राजाच्या डोक्याला रानवेलीचा फेटा गुंडाळला. हातात जुनी, जड तलवार दिली. मग ढोल एकाएकी थांबले आणि अंगणात पाचोळ्याचा आवाज तेवढा उरला.

"आता काय राहिलं?" खुर्चीत पाय पसरून बसलेल्या साहेबाने विचारले.

"आता एक माणूस आडवा होतो, साहेब," दुभाष्या बनमाली महांती म्हणाला. "राजा त्याच्या मानेला तलवार लावतो. तो मेला असं धरतात. तो उठून रानात पळतो, तीन दिवस कुणाला दिसत नाही. मग परत येऊन राजाला मुजरा करतो. मेलेला जिवंत झाला, म्हणून."

"झकास! बोलव की त्याला."

बनमालीने घसा साफ केला. "तो सुक्रा, साहेब. विधीतली ही जागा त्यांच्याच घराची."

कोणी मान वळवली नाही, तरी सगळ्यांना वेशीबाहेरचा सालवृक्ष दिसला. सुक्रा, त्याचे भाऊ, त्याचा म्हातारा बाप. प्रेते उतरवायची नाहीत, हा साहेबाचाच हुकूम होता. वारा पडला होता, तरी दोर मंदपणे हलत होते. त्यांच्यावर घारी बसत होत्या.

"मग दुसरा कोणी झोपेल," साहेब म्हणाला. "इतके दिवस मरायला रांगा लावत होते. आज नाटकातलं मरायलाही कोणी नाही?"

भुइयांपैकी एकही हलला नाही. साहेबाने हवालदाराकडे बोट केले. हवालदाराने पागोटे काढून त्याच्या पायाशी ठेवले. "नोकरी घ्या, हुजूर. मान राहू द्या."

शिपायांत खसखस पिकली. गुरुबाने निघण्यासाठी शांतपणे आपली काठी उचलली. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. तो बुडाला की विधी मोडला.

"साहेब, हे आता गेले तर मी मेलो," त्रिविक्रम पुटपुटला.

कॉलबर्न साहेब हसत उठला. तो या लोकांच्या नाचात नाचला होता, त्यांची तांदळाची दारू, हंडिया, प्यायला होता. आपल्याइतके त्यांना कोणी ओळखत नाही, असे तो कटकच्या मेजवान्यांत सांगत असे. त्यांची भाषा मात्र त्याला हंडियाचा द्रोण मागण्यापुरतीच येत होती.

"मीच होतो आडवा," टोपी काढत तो म्हणाला. "विचार रे बाबू, चालेल का म्हाताऱ्याला?"

गुरुबाने साहेबाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले. "आपल्या खुशीनं?"

"अगदी खुशीनं. तलवार नुसती टेकवायची ना? तेवढं पक्कं करून घे."

बनमालीने विचारले.

"सुक्राच्या घरच्या माणसाला?" गुरुबा म्हणाला. "हो. नुसती टेकवायची."

बनमालीची नजर वेशीबाहेरच्या झाडाकडे गेली. त्या झाडाखाली शिक्षा वाचून दाखवणारा आवाज त्याचाच होता. सुक्राच्या बायकोने मिठी मारली ती त्याच्याच पायांना.

"नुसती टेकवायची, साहेब," तो म्हणाला.

साहेब मातीवर पालथा झाला. गाल जमिनीला लावून त्याने डोळा मिचकावला. "आटप रे राजा, मुंग्या चावतायत!" शिपाई खळखळून हसले.

त्रिविक्रम मांडीवरून उठला. पुढे येऊन त्याने तलवारीचे पाते हलकेच खाली आणले. गुरुबाने त्याचे मनगट धरले.

"तसं नाही, मणिमा महाराज," म्हातारा हळुवारपणे म्हणाला. लेकराची चूक सुधारावी तसा. "आमच्या पणज्यांच्या वेळी इथं मान खरीच उतरायची. मग एका राजानं सुक्राच्या घराला माफी दिली. त्या एकाच घराला. ते घर तुम्ही झाडाला टांगलंत. बाकीच्यांना जुनीच रीत."

त्रिविक्रमने वर पाहिले. अंगणभर भुइयां गुडघ्यांवर बसले होते, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे हात त्याच्यापुढे जोडलेले होते. त्याने तलवारीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"काय म्हणतोय म्हातारा?" साहेबाने खालूनच विचारले.

"डोळे मिटून घ्या म्हणतोय, साहेब," बनमाली म्हणाला.