अठरा हात

रोहणा गावात शकुबाईंच्या अंगणात अठरा हात विहीर खोदून द्यायचं ठेकेदार बंडूजीनं कबूल केलं होतं. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, पाणी लागायच्या आधीच, त्यानं गाठी मारलेली दोरी विहिरीतून वर ओढली. “मोजा बाई, अठरा गाठी, अठरा हात. पुढं काळा फत्तर, त्याचे पैसे येगळे.” गाठी किती अंतरावर मारल्या, हे मारणाऱ्यालाच ठाऊक! शकुबाई घरात गेल्या आणि भाऊबीजेचं, घडी न मोडलेलं लुगडं घेऊन आल्या. “नऊ वार म्हणजे अठरा हात. हे मले कोनी शिकवाले लागत नाई.” पदरात दगड बांधून लुगडं विहिरीत सोडलं. “टेकला!” तळातून मजूर ओरडला. शकुबाईंच्या मुठीत अजून चार हात लुगडं उरलं होतं. बंडूजी दोरी गुंडाळू लागला. शकुबाई काठावर ठाण मांडून बसल्या. “हातातलं लुगडं सरेस्तोर खोदा, बंडूजी.”