मास्क लावून बघण्याचा कार्यक्रम

"हिला तरी नाही म्हणू नकोस," मिनीबसमध्ये चढताना शुभदाताईंनी प्रसन्नला खालच्या आवाजात बजावलं. मास्कमुळे खालचा आवाजही जरा वरच लावावा लागला.

"आई, बस आधी."

त्या बसल्या. २०२१च्या ऑगस्टमधला शेवटचा शनिवार होता. दोन महिन्यांसाठी म्हणून त्या सांगलीहून परदेशात, मेनूथ नावाच्या गावी मुलाकडे आल्या, त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. आता नऊ सप्टेंबरचं परतीचं तिकीट हातात होतं आणि चौतिशीचा मुलगा अजून बिनलग्नाचा. त्याला या देशात एकटं सोडून विमानात बसायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी ठरवलेलं सहसा होत असे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे मध्ये बोलणारंही कुणी नव्हतं.

प्रसन्ननं अकरा स्थळं व्हिडिओ कॉलवरच नाकारली होती. बारावं त्यानं स्वतःहून सुचवलं. अपूर्वा, नाशिकची, इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी. वडील नंदकुमार वीज मंडळातून निवृत्त, विधुर, तेही लॉकडाऊनपासून लेकीकडे अडकलेले. घरी पोहे करण्यापेक्षा सगळे मिळून एका दिवसाच्या सहलीला जाऊ, असं प्रसन्न म्हणाला. किल्ला, तळं, व्हिस्कीची डिस्टिलरी.

व्हिस्कीला शुभदाताईंनी हरकत घेतली नाही. नऊ तारीख जवळ आली होती.

किल्ल्याच्या पायऱ्या दगडी, उंच आणि गोल गोल होत्या. ड्रायव्हर डेक्लनच्या मते त्या ग्रँड होत्या. मुलं वर गेली. नंदकुमारांचा गुडघा दुखत होता. ते खाली थांबले, म्हणून चौकशीसाठी शुभदाताईही थांबल्या.

"मुलीला स्वयंपाक येतो ना?"

"मला येतो," नंदकुमार म्हणाले. "लॉकडाऊनमध्ये भाकरीसुद्धा शिकलो. फुगते."

म्हणजे मुलीला येत नाही. शुभदाताईंनी तिचे पाच गुण कापले आणि बापाच्या प्रामाणिकपणाचे तीन परत दिले.

तळ्यावर वारा झोंबत होता. नंदकुमारांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढून त्यांना दिली आणि स्वतःचे उरलेले केस वाऱ्याच्या स्वाधीन केले. मुलीचा बाप, इतपत करणारच. शुभदाताईंनी टोपी घातली.

अपूर्वा शेजारी येऊन चालू लागली.

"काकू, तुम्हाला टीव्ही मोठ्यानं लागतो का?"

"नाही."

"आणि मीठ? अळणी चालतं?"

"चालवून घेते. का गं?"

"असंच. लवकर झोपता की वाचत बसता?"

पूर्वी मुलीला दोन पावलं चालून दाखव म्हणायचे, आता मुलगी सासूची तोंडी परीक्षा घेते. असो. आपल्या पेपरामुळे मुलाचं स्थळ हातचं जायला नको. शुभदाताईंनी सगळ्या प्रश्नांची पूर्ण वाक्यांत उत्तरं दिली.

डिस्टिलरीत माणसापेक्षा उंच तांब्याचे हंडे होते. ते बघून झाल्यावर प्रत्येकासमोर तीन छोटे ग्लास आले. अपूर्वानं तिन्ही संपवले, तोंडही वाकडं न करता. शुभदाताईंनी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आपलेच ग्लास भरलेले आहेत आणि सगळे त्यांच्याकडे बघतायत. सासू जुन्या वळणाची आहे, असं कुणी म्हणायला नको. त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला आणि एक घोट घेतला.

"कसं लागलं?" नंदकुमारांनी विचारलं.

"लॉकडाऊनमधल्या काढ्यापेक्षा बरं."

नंदकुमार ठसका लागेपर्यंत हसले. अपूर्वानं प्रसन्नकडे बघितलं. प्रसन्ननं हळूच मान हलवली. शुभदाताईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. जमत होतं.

संध्याकाळी मेनूथला कालव्याजवळ सगळे उतरले. मिनीबस गेली. नंदकुमार बुटांकडे बघत म्हणाले, "मग... कळवतो आम्ही."

कळवतो म्हणजे काय, हे शुभदाताईंना चांगलं माहीत होतं. अकरा वेळा त्यांनीच ते म्हटलं होतं.

"त्यात कळवायचं काय? समोरासमोर आहोत, तर आत्ताच बोलू. माझा होकार आहे. तुमचाही असेल, तर मी तिकीट पुढे ढकलते. लग्न इथेच उरकू."

नंदकुमार कालव्याकाठच्या बाकावर बसले. प्रसन्ननं आईचा हात घट्ट धरला.

"अभिनंदन, बाबा," अपूर्वा म्हणाली. "आता काकूंना तुम्हीच सांगा, आज आपण कुणाला बघायला आलो होतो ते."