माउसवरची बदली

मिल बंद पडली तसं युनियनचे पुढारी मनोहरराव पुराणिक यांनी राजेंद्र नगरातल्या घरी इंटरनेट घेतलं आणि कॉलनीतल्या लोकांना त्यांच्या परदेशातल्या मुलांसाठी ई-मेल लिहून द्यायला लागले. नेट कंपनीचे नियम त्यांनी पाठच करून टाकले. त्यातला नववा तेवढा नडला: दहा मिनिटं वापर दिसला नाही तर लाइन कापली जाईल. आणि सकाळी कोपऱ्यावर पोहे खाऊन एकमेकांना 'भिया' म्हणणाऱ्या चार दोस्तांशी गप्पा हाणल्याशिवाय मनोहररावांचा दिवसच सुरू होत नसे.

मग ते बायकोला म्हणाले, "शैलजा, माझ्या बदलीवर बस जरा. नुसता माउस हलवत राहा, बाकी काही छेडू नकोस." मिलमध्ये चालू माग सोडून उठायचं तर बदली कामगार बसवायचा, ही त्यांची जुनी सवय.

पोहे हळूहळू दुपारपर्यंत लांबले.

एक दिवस ते जरा लवकर परतले, तर दारात शेजारचे शर्माजी. "भाभीजी कामात आहेत का? कोई बात नहीं, मी थांबतो, पण मेल त्यांच्याकडूनच लिहून घेईन. तुमच्या मेलमध्ये आईची आठवणसुद्धा मागणीपत्रासारखी वाटते, भिया."

मनोहरराव तणतणत आत गेले. "ऊठ, माझी जागा आहे ती!"

शैलजाबाईंनी टाइप करता करताच भिंतीवरच्या खुणा केलेल्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "अहो, दोनशेचाळीस दिवस भरले की बदली कामगाराला कायम करा, असं गेटवर तुम्हीच ओरडत होतात ना?"



"आज भरले," शैलजाबाई म्हणाल्या. "चहा टाका, शर्माजींनाही."