जपानीतली राजेश्री

साखरपुडा झाल्यावर चारठाण्याच्या परमेश्वरने होणाऱ्या बायकोचं, राजेश्रीचं, नाव मनगटावर जपानी अक्षरांत गोंदवून घ्यायचं ठरवलं. जन्मभराचं काम, म्हणून त्याने घाई केली नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मित्राला अक्षरं दाखवली, मित्राला शिकवणाऱ्या बाईंकडून तपासून घेतली आणि मगच परभणीला जाऊन सुई टोचून घेतली. एका रेघेचीही चूक झाली नाही.

लग्न लागलं. नवरी घरात आल्यावर आत्याने तांदळाचं ताट पुढं ठेवलं आणि परमेश्वरच्या हातात अंगठी दिली.

"लिही बाबा, सुनेचं नवं नाव. पंकजा."

"नवं कशाला, आत्या?"

"आरं, आपल्या घरात कुण्या सुनेचं नाव बदललं न्हाई? तुझ्या आईचंबी बदललंच की!"

परमेश्वरने बाही खाली ओढली. तांदळात अंगठी फिरवताना दुसऱ्या हाताने त्याने ती बाही मनगटावर घट्ट धरून ठेवली. नवरीने ते पाहिलं आणि ती हळूच त्याच्या कानाशी लागली.


"एवढं काय घाबरायलाव? इथं जपानी कुणाला येतंय? इचारलंच तर पंकजा लिहिलंय म्हणून सांगा."