अंगणातलं अंथरूण

"आजोबा, आज वार कोणता?" दवाखान्यात चाचणी घेणाऱ्या मुग्धाने विचारलं.

"भितीवर क्यालेंडर हाय की," ज्ञानोबा म्हणाले. "इतकी शिकलेली बाई, अन् मला इचारायली?"

बाकावरचे पेशंट हसले. धुरपताबाई हसल्या नाहीत. विसराळूपणावरच्या संशोधनासाठी या दवाखान्यातून म्हातारी माणसं निवडत होते. निवड झाली, तर मोठ्या डॉक्टरांकडून वर्षभर तपासणी आणि औषधं मिळणार होती. त्यासाठीच त्या नवऱ्याला घेऊन औशाहून पहिल्या एसटीने लातूरला आल्या होत्या.

वार चुकला. महिना चुकला. लातूर ते किल्लारी, मधले सगळे थांबे मात्र जुन्या कंडक्टरने एका दमात म्हणून दाखवले.

"मुलं किती, आजोबा?"

"एकच लेक. महामाया. यंदा दहावीला हाय."

"आत्ता कुठंय ती?"

ज्ञानोबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरचा कोचिंग क्लास सुटला होता. पाठीला दप्तरं लावलेल्या मुलींनी रस्ता भरला होता.

"ती काय, तिथंच. क्लासला."

उत्तराची खात्री घरच्या माणसाकडून करून घ्यायची, असा नियम होता. "बरोबर आहे का हो, आजी?"

धुरपताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तेही त्यांच्याकडेच बघत होते. त्र्याण्णवच्या भूकंपात महामाया घराखाली गेली, हे धुरपताबाईंनी त्यांना गेल्या दिवाळीत एकदाच सांगितलं होतं. ऐकलं आणि ज्ञानोबा दोन्ही हातांनी अंगण उकरायला बसले. नखं फुटली तरी थांबेनात.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

मुग्धाने बेरीज केली, पुन्हा केली.

"थोडक्यात राहिलं, आजी. अजून एक उत्तर चुकलं असतं, तर आजोबांना घेता आलं असतं."

"असू द्या, माय."

नवऱ्याचा हात धरून त्या पायऱ्या उतरल्या. मुलींच्या गर्दीत ज्ञानोबा एकदम थांबले.

"धुरपता, पोरीचं अंथरूण आज अंगणातच टाक. आत झोपू देऊ नको तिला."

"हाव. अंगणातच टाकते."

"इसरशील."

"न्हाई इसरत," त्या म्हणाल्या. "चला, गाडी जाईल."