रीशाची निंदा

"ही? हिला सलुकी कोण म्हणेल, शेख? हाडांचा सापळा आहे नुसता," दहाम म्हणाला आणि त्याने पाहुण्याच्या पेल्यात कॉफी ओतली.

रीशा, त्याची शिकारी जातीची श्वान, तंबूच्या मधल्या खांबापाशी गालिच्यावर पसरली होती. निमुळतं तोंड पुढच्या पायांवर टेकवून ती पाहुण्याच्या पलीकडे, दूर वाळवंटाकडे बघत होती. पाहुण्यांकडे बघायची तिला सवयच नव्हती.

पाहुणा होता शेख मिजवल. त्याच्याइतकं गोड बोलणारा माणूस त्या मुलखात नव्हता आणि त्याला घाबरत नाही असा तंबूही नव्हता. पाहुण्याने ज्या वस्तूचं कौतुक केलं ती त्याला देऊन टाकायची, ही तिथली रीत. मिजवलने जन्मभर कौतुकच केलं. त्याची घोडी कौतुकाची, खंजीर कौतुकाचा, अंगावरचा झगासुद्धा कुणाच्या तरी अंगावर छान दिसला म्हणून आलेला. त्यापेक्षा भिकारी परवडला; त्याला निदान नाही तरी म्हणता येतं.

सलुकी कुणी विकत नाही. दिली तर दिली, नाहीतर मरेपर्यंत घरची. दहामकडे ना बंदूक होती ना ससाणा. हिवाळ्यात त्याच्या घरात मांस यायचं ते रीशाच्या पायांनी. म्हणून मिजवलचा उंट टेकाडावर दिसताच दहामच्या आईने, वदहाने, रीशाच्या मेंदी लावलेल्या पंजांना चुलीतली राख फासली आणि मुलाला बजावलं, "त्याच्या तोंडून चांगला शब्द निघता कामा नये. आपणच आधी वाईट बोलायचं."

दहामने मग काही बाकी ठेवलं नाही. हिची छाती बघा, सगळा देह तिथेच संपला, पोट पाठीला चिकटलेलं. कानांवरचे हे रेशमी केस म्हणजे गोचिडांची वस्ती. हाक मारली तर येत नाही, शेपूट हलवत नाही, घरात सासूसारखी बसून असते. पडद्यामागून वदहाही भर घालत होती, की खायला उंटाएवढं लागतं आणि पळायची वेळ आली की लंगडी शेळी बरी. आई-लेकाला रंगच चढला होता. खोटं बोलताना माणसाला इतकं सुचतं, याचंच नवल वाटावं.

मिजवल नुसता "असं होय" म्हणत होता. मग त्याची नजर खांबाला टांगलेल्या ताज्या सशावर गेली. हा कुणी धरला, असं त्याने सहज विचारलं. शेजाऱ्यांनी पाठवला, दहाम म्हणाला. आसपास नजर पोहोचेल तिथवर दुसरा तंबूच नव्हता. मिजवल गालात हसला, रीशाकडे वळला आणि बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं.

दहामचा धीर सुटला. तो उठला आणि त्याने रीशाच्या बरगडीत लाथ घातली. "चल, हो बाहेर. कुत्री कुठली."

कुत्री बाहेर असतात, मेंढरांमागे फिरणारी, उकिरड्यावर जगणारी. सलुकी तंबूत झोपते, धन्याच्या पांघरुणात. वैऱ्याच्या सलुकीलासुद्धा तिथे कुणी कुत्री म्हणत नाही. रीशा केकाटली नाही. उठली, अंग झटकलं आणि बाहेर गेली. वारा बोचरा होता आणि तिच्या अंगावर चरबी अशी नव्हतीच. पाहुण्याचा उंट बाहेर बसला होता. त्याच्या आडोशाला, उबदार पोटाला टेकून ती आडवी झाली.

मिजवलने उघडलेलं तोंड मिटलं. असल्या घरात आता कशाचं कौतुक करणार? त्याने पेला हलवून पुरे अशी खूण केली आणि तो निघाला. दहामला आनंद लपवता येईना. मुलखातल्या सगळ्यात गोड जिभेला त्याने गप्प केलं होतं.

मिजवल स्वार झाला. उंट उठला, तशी रीशाही उठली. उंट चालू लागला, तशी त्याच्या सावलीतून तीही चालू लागली. दहामने हाक मारली. मग दिवसभर गिळून ठेवलेल्या सगळ्या लाडक्या नावांनी हाका मारल्या. मग तो धावला. तो जेवढा जवळ जाई तेवढीच ती पुढे सरके. हरणाला गाठणारी ती, माणसाच्या हाती कशी लागेल?

मिजवलने उंट थांबवला. त्याचा चेहरा चक्क ओशाळला होता.

"दहाम, अल्लाची शपथ, मी हिचं एका शब्दाने कौतुक केलेलं नाही."

दहामला धाप लागली होती. तंबूच्या दारातून वदहाच बोलली.

"आम्ही तरी कुठे केलं, शेख? म्हणूनच तर चालली."