दोनशे सात दुरुस्त्या

तिसऱ्याच ओळीला भुंगीने हेडफोन काढले आणि उलटसुलट करून पाहिले. हेडफोन ठणठणीत होते. म्हणजे बिघडलं होतं ते गाणं.

"काका, ही कोण गातेय?"

"तूच की!" रेकॉर्डिस्ट काकांनी खुर्ची गर्रकन फिरवली. चेहरा असा, की आता बक्षीसच मिळणार. "चार दिवस मान मोडून बसलोय. सात गाणी, दोनशे सात ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी तू पियानोच्या मागे राहत होतीस. म्हटलं, पोरीचा पहिला अल्बम आहे, लोकांनी नावं ठेवायला नकोत. एकूण एक शब्द ओढून जागेवर आणला."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तालाच्या उभ्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेला एकेक शब्द चिकटून उभा होता. शाळेत प्रार्थनेला रांगेत उभी केलेली पोरं जशी. कोणी नाकसुद्धा खाजवत नव्हतं.

"पण मी मुद्दाम मागे राहते!"

"मुद्दाम उशिरा कोण येतं?"

"मी! जॅझ आहे ते, काका! त्यात तालाच्या जरा मागेच गातात!"

"असेल ना. म्हणून काय वेळेवर यायचंच नाही?"

भुंगीने मदतीसाठी सोफ्याकडे पाहिलं. तिथे तिची आत्या बसली होती. सगळ्या गाण्यांत पियानो आत्याचाच होता. ती चष्मा काढून पुसायला लागली. आत्या चष्मा पुसायला लागली, की समजायचं, आता कोणाचं तरी काही खरं नाही.

"दुरुस्तीच्या आधीचं लावा," भुंगी म्हणाली.

काकांनी मानेमागे खाजवलं. "त्याच्यावरच सेव्ह केलं ना. दोन-दोन प्रती ठेवल्या की माझा घोळ होतो."

उद्या सकाळी दहाला अल्बम द्यायचा होता. कव्हर छापून झालं होतं. कव्हरवर भुंगीचा फोटो होता आणि फोटोत ती दात दाखवून हसत होती. आत्ता तिला त्या फोटोतल्या मुलीचा भयंकर राग आला.

"गाणी आठ होती," आत्या पहिल्यांदाच बोलली. "आठव्याचं काय केलंत?"

"ते सोडा, ताई. ते वाया गेलं. त्या दिवशी हिच्या गायच्या काचेच्या खोलीतला दिवा गेला आणि ही बाहेर येऊन पियानोला टेकून गायली. पियानोच्या माइकमध्ये हिचा आवाज, हिच्या माइकमध्ये पियानो. शब्द हलवायला जावं तर पियानो पण हलतो. काही म्हणजे काही करता येत नाही त्याचं. मी तर म्हणतो, अल्बममधून काढूनच टाका."

"लावा."

"अहो, पण ते..."

"लावा हो."

पियानो सुरू झाला. शब्द यायला हवा होता, तिथे आला नाही. अजून नाही. भुंगीला क्षणभर वाटलं, आपण विसरलो की काय! आणि मग तो आला. दारावर केव्हाची टकटक चाललेली असावी आणि आतलं माणूस सपाता फरपटत निवांत यावं, तसा. मागे कुठेतरी आत्याचा बाक करकरला, तेही त्यात होतं.

"बघा, बघा, केवढी मागे!" काका अगदी कळवळले.

"काका, तुम्हाला रस्त्यात मागून कोणी हाक मारली, तर तुम्ही लगेच ओ देता का? आधी वळून बघता ना? ते वळून बघायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढीच मी मागे असते!"

"मी लगेच ओ देतो," काका म्हणाले. "घरी बायको आहे."

आत्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ती उठली. "सहापर्यंत वेळ आपलीच आहे ना?"

"आहे की. सहाला जाहिरातवाले येतात. पण तीन तासांत सात गाणी कशी..."

ते ऐकायला भुंगी तिथे होतीच कुठे! ती काचेच्या खोलीत शिरली होती आणि माइकचा स्टँड दोन्ही हातांनी ओढत बाहेर काढत होती, थेट हॉलमधल्या पियानोपर्यंत.

"वायर बघ गं, भुंगे, तोंडावर आपटशील," आत्या तिच्यामागून म्हणाली. "आणि आता रुसून बसू नकोस. आवाजात उतरतं ते."

"मी रुसलेली नाहीये. मी चिडलेय!"

"मग चिडूनच गा. पहिलं गाणं तसंच आहे."

काका आपल्या खोलीच्या दारापर्यंत धावत आले. "ताई, पुन्हा सगळा आवाज एकमेकांत मिसळेल. नंतर मला एक शब्दसुद्धा दुरुस्त करता येणार नाही!"

"हो ना," आत्या म्हणाली आणि बाकावर बसली.

लाल दिवा लागला. काचेपलीकडे काकांनी बोटांवर चार मोजले. पियानो निघाला. शब्दाची वेळ झाली, तसा काकांनी हात उंच करून खाली आणला. भुंगी आली नाही. त्यांनी पुन्हा हात केला, या वेळी डोळे मोठे करून. मग त्यांचं बोट आपोआप थांबवायच्या बटणाकडे गेलं आणि त्याच्यावर अधांतरी राहिलं.

पियानोला टेकलेल्या भुंगीने त्या बोटाकडे पाहिलं. श्वास घेतला. आणि अजून थोडं थांबली.